वारंवार तोंड येण्यामागे मूळ कारण कोणते आणि निमित्त कोणते?

सायली_३४ यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय ३४ वर्षे असून गेली सहा-सात वर्षे मला साधारण दर पाच-सहा आठवड्यांनी तोंड येते. व्रण बहुतेक वेळा खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला किंवा जिभेच्या कडेला होतो. आदल्या दिवशी त्या जागी चुरचुर सुरू होते आणि जीभ फिरवली की तेवढाच भाग खरखरीत लागतो. दुसऱ्या दिवशी मोबाइलचा टॉर्च लावून आरशात पाहिले, की मध्ये पिवळसर पांढरा आणि कडेने लालभडक असा डाळीच्या दाण्याएवढा व्रण स्पष्ट दिसतो. माझे काम शिकवण्याचे असल्यामुळे दिवसभर बोलावे लागते, आणि पहिले चार दिवस प्रत्येक शब्दाला जीभ त्या जागेवर घासते.

आजवर मला याची बरीच कारणे सांगण्यात आली आहेत. कोणी पोट साफ नसल्याचे सांगितले, कोणी अपुऱ्या झोपेला दोष दिला, तर कोणी आंबट पदार्थ बंद करण्यास सुचवले. मी तीन महिने टोमॅटो आणि सर्व आंबट फळे पूर्णपणे वर्ज्य केली, तरीही व्रण ठरल्याप्रमाणे येतच राहिले. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या मी प्रत्येक वेळी पंधरा दिवस घेते. त्यांचा उपयोग झाला की व्रण आपोआपच बरा झाला, हे मला सांगता येणार नाही.

मला सर्वाधिक गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की एखाद्या वेळी जेवताना ओठ चावला जातो आणि तिथे चार दिवसांत मोठा व्रण होतो, तर दुसऱ्या वेळी तितक्याच जोरात चावला जाऊनही दोन दिवसांत सगळे पूर्ववत होते. मग चावले जाणे हे कारण म्हणायचे की नाही? शिवाय घरात लहान मूल असल्यामुळे या दिवसांत मी त्याचा पापाही घेत नाही. हा आजार संसर्गजन्य आहे का? आणि यासाठी कोणत्या तपासण्या करणे खरोखर आवश्यक आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

मुखारोग्य यांचा प्रतिसाद

मी व्यवसायाने दंतवैद्य आहे. प्रथम मुलाविषयी सांगतो, कारण ती काळजी आज संपू शकते. तुम्ही वर्णन केलेला व्रण ॲफ्थस अल्सरचा वाटतो आणि तो संसर्गजन्य नसतो, त्यामुळे मुलाला जवळ घेण्यास काहीच हरकत नाही. संसर्ग होतो तो हर्पिसच्या विषाणूमुळे येणाऱ्या फोडांचा. ते फोड बहुधा ओठाच्या बाहेरच्या कडेवर येतात, आधी पाण्याने भरलेले बारीक पुंजके दिसतात आणि मग खपली धरते. तोंडाच्या आत ते आलेच, तर हिरडीवर किंवा टाळूच्या कडक भागावर येतात. ॲफ्थस अल्सर मात्र गालाची आतली बाजू, ओठाची आतली बाजू, जिभेची कड व तिचा खालचा भाग आणि मऊ टाळू अशा नाजूक, हलत्या त्वचेवर होतो व त्याआधी पाण्याचा फोड येत नाही. दोन्हींना बोलताना आपण एकच नाव देतो आणि तिथूनच बरेचसे गैरसमज सुरू होतात.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. या आजाराचे एकच एक मूळ कारण अद्याप निश्चित झालेले नाही. तथापि व्रण होताना त्या जागी काय घडते, याची बरीच माहिती उपलब्ध आहे. शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेतील टी-पेशी तोंडाच्या आतील अस्तराच्या पेशींवरच चालून जातात, दाह वाढवणारी रसायने तिथे स्रवतात आणि वरचा थर झडून खालचा भाग उघडा पडतो. अशी प्रवृत्ती काही माणसांत मुळातच असते. वारंवार तोंड येणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांच्या घरात आणखी कोणाला तरी हाच त्रास असतो, आणि बहुतेकांची सुरुवात बालपणी किंवा किशोरवयात होते. एकूण लोकसंख्येपैकी साधारण पाचातील एका व्यक्तीला हा त्रास केव्हा ना केव्हा होतो, म्हणजे तो मुळीच दुर्मिळ नाही.

म्हणूनच ओठ चावला जाणे हे तुमच्या बाबतीत मूळ कारण नसून निमित्त आहे. ज्याच्यात ही प्रवृत्ती नाही, त्याची जखम केवळ जखम म्हणून भरून येते. ज्याच्यात आहे, त्याच्याकडेही ती सदैव सारख्याच तीव्रतेने जागी नसते; झोप, मानसिक ताण, मासिक पाळीचे चक्र, रक्तातील लोहाचा साठा, नुकताच होऊन गेलेला एखादा ताप यांप्रमाणे ती कमी-अधिक होत राहते. त्यामुळे एका आठवड्यात चावलेला ओठ निमूटपणे बरा होतो आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच जागी व्रण उमटतो. एकच गोष्ट वर्ज्य करून तुमचा प्रश्न सुटला नाही, यात मला नवल वाटत नाही.

इजेबाबत मात्र एक गोष्ट आवर्जून पाहावी असे माझे मत आहे. रुग्ण माझ्यासमोर बसला, की आधीचे तीन-चार व्रण कुठे आले होते, हे मी त्याला बोटाने दाखवायला सांगतो. बोट दर वेळी एकाच ठिकाणी गेले, तर समोरच्या दातावरून हातमोजा घातलेले बोट फिरवून पाहतो. तुटलेल्या फिलिंगची धारदार कड, झिजून टोकदार झालेली दाढ, तारेचे निसटलेले टोक किंवा कवळीची टोचणारी किनार बऱ्याचदा तिथेच सापडते, आणि ती घासून गुळगुळीत केली की त्या जागचा त्रास थांबतो. बोट प्रत्येक वेळी निराळ्या ठिकाणी गेले, तर दातांपलीकडे शोध घ्यावा लागतो. तुम्ही जिभेची कड आणि खालचा ओठ या दोनच जागा सांगितल्या आहेत, त्यामुळे ही तपासणी जरूर करून घ्या.

टूथपेस्टविषयी बोलायचे तर बहुतेक पेस्टमध्ये फेस येण्यासाठी सोडियम लॉरिल सल्फेट घातलेले असते. तोंडाच्या अस्तरावर लाळेतील चिकट द्रव्याचा जो पातळ थर असतो, तो या घटकामुळे विरळ होतो असे मानले जाते. त्यावरील चाचण्या लहान आहेत आणि सर्वांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. तरीही काही रुग्णांना हा घटक नसलेली पेस्ट वापरल्यावर व्रण कमी झाल्याचे आढळले आहे. ट्यूबच्या मागील बाजूस घटकांची यादी छापलेली असते. ती वाचून किमान तीन महिने बदल करून पाहावा, कारण तुमचे व्रण पाच-सहा आठवड्यांनी येत असताना पंधरा दिवसांच्या प्रयोगातून काहीही सिद्ध होणार नाही.

व्रणाचा आकारही ध्यानात ठेवा. दहा मिलिमीटरपेक्षा लहान व्रण साधारण एक ते दोन आठवड्यांत, मागे काहीही खूण न ठेवता भरून येतो आणि बहुसंख्य लोकांना हाच प्रकार होतो. त्याहून मोठा आणि खोल व्रण भरण्यास कित्येक आठवडे घेतो व वण ठेवून जातो. तिसऱ्या प्रकारात एकाच वेळी डझनावारी बारीक व्रण उठतात. तो दिसायला हर्पिससारखा असला, तरी त्या विषाणूशी त्याचा काही संबंध नाही.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला निक्षून सांगतो. तीन आठवडे उलटूनही जो व्रण भरत नाही, त्याला तोंड येणे समजून घरी बसू नये. विशेषतः त्याची कड हाताला कडक लागत असेल, त्यातून रक्त येत असेल, मानेत गाठ जाणवत असेल किंवा तो मुळीच दुखत नसेल, तर लगेच तपासून घ्यावे. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष केलेले व्रण मी पाहिले आहेत आणि तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात अशी शांतपणे होऊ शकते. त्याचप्रमाणे तोंडाबरोबर जननेंद्रियावरही व्रण येणे आणि डोळे लाल होऊन दुखणे, असे घडत असेल तर बेहचेट आजाराचा विचार करावा लागतो. हुलुसी बेहचेट या तुर्की त्वचारोगतज्ज्ञांनी १९३७ साली या लक्षणांना एका आजाराच्या रूपात मांडले. तो विरळा असला, तरी डोळ्यांची हानी करू शकतो.

नंदिनी_वाचते यांचा प्रतिसाद

वरील प्रतिसादात लोहाच्या साठ्याचा उल्लेख ओझरता आला आहे. मला त्याविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण माझी चार वर्षे याच एका गोष्टीकडे लक्ष न गेल्यामुळे वाया गेली.

मला दर महिन्याला दोन-तीन व्रण येत असत. प्रत्येक वेळी हिमोग्लोबिन तपासले जाई, ते १२.४ भरे आणि रक्त ठीक आहे असे सांगून मला परत पाठवले जाई. अखेर एका नव्या डॉक्टरांनी मासिक पाळीत रक्तस्राव किती होतो हे विचारले. तोवर हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. त्यांनी फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन), बी-१२ आणि फॉलेट (ब गटातील एक जीवनसत्त्व) या तिन्ही तपासण्या करायला लावल्या, आणि फेरिटिन अवघे ७ निघाले. त्यांनी मला समजावून सांगितले, की शरीर आधी साठ्यातील लोह वापरून हिमोग्लोबिन टिकवून धरते, त्यामुळे साठा रिकामा होत आला तरी हिमोग्लोबिनचा आकडा बराच काळ चांगला दिसू शकतो. तोंडाच्या अस्तरातील पेशी अतिशय वेगाने झडतात आणि नव्याने तयार होतात, म्हणून लोह, बी-१२ किंवा फॉलेट कमी पडले की त्याची झळ तिथे लवकर पोहोचते.

चार महिने लोहाच्या गोळ्या घेतल्यानंतर माझे व्रण पूर्णपणे थांबले नाहीत, परंतु महिन्याला दोन-तीन ऐवजी वर्षाला दोन-तीन इतके कमी झाले. माझ्या आईलाही तरुणपणी हाच त्रास होता, त्यामुळे मूळ प्रवृत्ती आमच्या घरातच असावी असे मी धरून चालते. लोहाच्या कमतरतेने तिला बळ मिळत होते, एवढेच.

आणखी एक सूचना, आणि ती मला अतिशय महत्त्वाची वाटते. काही जणांत तोंड येणे हे सीलिॲक आजाराचे लक्षण असते, ज्यात गहू, बार्ली आणि राय यांतील ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते आणि लोह, फॉलेट नीट शोषले जात नाही. आतड्यांना दीर्घकाळ सूज आणणाऱ्या क्रोन आजारातही तोंडात व्रण येतात. पोट बिघडले की तोंड येते, असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. परंतु वारंवार जुलाब, पोटदुखी किंवा वजन घटणे यांच्या जोडीने व्रण येत असतील, तर पोटाची तपासणी टाळू नये. सीलिॲकची रक्ततपासणी होण्यापूर्वी मात्र स्वतःच्या मनाने गहू बंद करू नका. ग्लुटेन थांबवल्यावर रक्तातील प्रतिपिंडे हळूहळू कमी होत जातात आणि तपासणी खोटा दिलासा देते. माझ्या एका जवळच्या नातेवाइकाला याच चुकीमुळे पुन्हा कित्येक आठवडे गहू खाऊन मग तपासणी करावी लागली.

जुना_वाचक यांचा प्रतिसाद

दोन निमित्ते वर आलेली नाहीत, म्हणून थोडक्यात लिहितो.

मी बावीस वर्षांची सिगारेट सोडली, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मला आयुष्यात प्रथमच तोंड आले आणि पुढे दोन महिने एकामागून एक व्रण येत राहिले. सिगारेट सोडणे मला मानवले नाही, असे घरचेही म्हणू लागले आणि मी पुन्हा पाकीट आणण्याच्या बेतात होतो. नंतर डॉक्टरांकडून समजले की धुरामुळे तोंडाचे अस्तर जाड व कठीण झालेले असते, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यांत हे व्रण कमी दिसतात, आणि ते थांबवल्यावर काही जणांना असा त्रास होणे ही माहीत असलेली गोष्ट आहे. तो त्रास तात्पुरता असतो. माझाही पूर्णपणे थांबला. ज्या कोणी नुकतेच व्यसन सोडले असेल, त्याने यामुळे माघार घेऊ नये अशी माझी मनापासून विनंती आहे.

दुसरे निमित्त औषधांचे. माझ्या वडिलांना छातीतील कळेसाठी निकोरँडिल सुरू होते आणि जिभेवर एक खोल व्रण कशानेही भरत नव्हता. हृदयरोगतज्ज्ञांनी ते औषध बदलल्यानंतर तो काही आठवड्यांत भरून आला. संधिवातासारख्या आजारांत दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आणि काही वेदनाशामक गोळ्या यांमुळेही तोंडात व्रण होऊ शकतात. अर्थात चालू असलेले औषध स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे. डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे.

सायली_३४

सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. काल मुलाचा पापा घेतला, हे सर्वप्रथम सांगते.

वरचे प्रतिसाद वाचून मी मागील वर्षाची दिनदर्शिका काढली, कारण फारच दुखले की मी त्या तारखेवर एक ठिपका देत असे. एकूण नऊ ठिपके सापडले. त्यांपैकी सहा पाळी येण्याच्या आधीच्या आठवड्यातले आहेत, आणि दोन ठिपके उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांतले, जेव्हा माझी झोप चार-पाच तासांवर येते. माझी पाळीही जास्त रक्तस्रावाची आहे, तेव्हा फेरिटिनची तपासणी या आठवड्यातच करून घेते. तोवर आणखी दोन शंका विचारते. व्रण आल्यावर त्यावर नेमके काय लावावे? आणि टोमॅटो खाल्ल्यावर खूप झोंबते, तरी तो बंद करून फरक पडला नाही, हे कसे?

मुखारोग्य

नऊपैकी सहा ठिपके पाळीच्या आधीच्या आठवड्यात येणे ही दखल घेण्याजोगी माहिती आहे. काही स्त्रियांत पाळीच्या आधीच्या टप्प्यात व्रण वाढतात आणि गरोदरपणात ते कमी होतात किंवा थांबतात. तुम्ही ती दिनदर्शिका डॉक्टरांना अवश्य दाखवा. यापुढे ठिपका दुखणे वाढल्यावर न देता चुरचुर सुरू झाल्याच्या दिवशी द्या, म्हणजे आधीच्या दोन-तीन दिवसांत काय घडले होते, हे अचूक ताडून पाहता येईल.

टोमॅटोचे उत्तर असे, की झोंबणे आणि व्रण निर्माण करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्लयुक्त पदार्थ उघड्या जखमेवर झोंबणारच, पण याचा अर्थ जखम त्यांनी केली असा होत नाही. चॉकलेट, कॉफी, चीज, अक्रोड-बदामासारखी कवचाची फळे, स्ट्रॉबेरी यांच्यामुळे काहींना व्रण येतात. तथापि एखाद्या पदार्थावर संशय घ्यायचा असेल, तर व्रण नसताना तो खाऊन पुढील दोन-तीन दिवसांत वारंवार व्रण येतो का, हे पाहिले पाहिजे. तुमच्या तीन महिन्यांच्या प्रयोगाने टोमॅटो निर्दोष ठरवला आहे. व्रण असताना तेवढा टाळा आणि एरवी खुशाल खा. एकेक पदार्थ बंद करत गेल्याने आहार तुटपुंजा होतो, आणि ज्यांची कमतरता शोधायला आपण निघालो आहोत, तीच द्रव्ये आणखी कमी पडू लागतात.

लावायच्या औषधांत ट्रायमसिनोलोन या दाह कमी करणाऱ्या स्टेरॉइडचे तोंडासाठी बनवलेले मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येते. त्याचा खरा उपयोग चुरचुर सुरू झाल्याबरोबर लावल्यास होतो; व्रण पूर्ण उमलल्यावर लावले तर फायदा कमी मिळतो. जागा स्वच्छ कापसाने हलकेच टिपून कोरडी करावी, मलमाचा ठिपका ठेवावा आणि तो चोळू नये, कारण चोळल्यास त्याचा भुगा होऊन ते निघून जाते. रात्री झोपण्यापूर्वी लावणे सर्वांत सोयीचे, कारण नंतर खाणे-बोलणे होत नाही. शिकवण्यापूर्वी लिडोकेनची जेल लावल्यास जागा काही काळ बधिर राहते. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्यांनी वेदना कमी होऊ शकते, परंतु त्या फार दिवस केल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात. ॲस्पिरिनची गोळी व्रणावर धरून ठेवण्याचा उपाय कोणी सुचवल्यास तो मुळीच करू नका. त्याने अस्तर भाजून पांढरे पडते आणि एका जखमेच्या दोन होतात.

बी-१२ विषयी एक उल्लेखनीय गोष्ट आहे. इस्रायलमध्ये झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांना रोज १००० मायक्रोग्रॅम बी-१२ जिभेखाली ठेवण्यास दिले गेले. सहाव्या महिन्यात त्या गटातील सुमारे ७४ टक्के रुग्णांना एकही व्रण आला नव्हता. औषधाचा अंश नसलेली गोळी घेणाऱ्या गटात हे प्रमाण ३२ टक्के होते, आणि हा लाभ सुरुवातीची रक्तातील पातळी चांगली असलेल्यांनाही झाला. चाचणी लहान होती, त्यामुळे तिला मी अंतिम शब्द मानत नाही. परंतु तिथे परिणाम दिसायला काही महिने जावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे तुमच्या पंधरा-पंधरा दिवसांच्या गोळ्यांवरून काही निष्कर्ष का काढता येत नाही, ते समजेल. रक्ताचा नमुना मात्र कोणतीही गोळी सुरू करण्यापूर्वीच द्या.

सायली_३४

तपासण्यांचे अहवाल आले. हिमोग्लोबिन ११.९, फेरिटिन ९, बी-१२ खालच्या मर्यादेच्या जेमतेम वर, फॉलेट व्यवस्थित आणि सीलिॲकची तपासणी नकारार्थी. डॉक्टरांनी लोह आणि बी-१२ दोन्ही सुरू केले असून तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा पाहायचे ठरले आहे; जास्त रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जायचे आहे. दंतवैद्यांना जिभेच्या उजव्या कडेसमोरच्या दाढेचा एक टवका उडालेला सापडला आणि त्यांनी ती कड तिथल्या तिथे घासून दिली. ती कड इतकी वर्षे माझ्या जिभेला रोज लागत होती आणि मला ती कधीच वेगळी वाटली नव्हती. ओठावरील सध्याच्या व्रणाचा आज नववा दिवस आहे, त्याची कड आत सरकू लागली आहे आणि दिनदर्शिकेवर मी एकविसाव्या दिवसाला गोल करून ठेवला आहे.